राम आमचा, चित्रे मात्र जपानची!

महाविद्यालयात जाणारी मुले रात्र-रात्र जागून जपानी चित्रपटांतील प्रसंग कापतात, ते एखाद्या गाण्याच्या ठेक्यावर नेमके बसवतात आणि मित्रमंडळींना दाखवतात, हे दृश्य मध्यमवर्गीय घरांना आता अपरिचित राहिलेले नाही. जगभर या प्रकाराला ‘अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात. आपल्याकडची मुले नुसते ‘एडिट’ म्हणतात. वडीलधाऱ्यांचा अभिप्राय ठरलेला असतो : वेळेचा अपव्यय, परदेशी खूळ, संस्कारांचा ऱ्हास. एवढे बोलून पालक मोकळे होतात. पण मुलांनी परकी चित्रे का उचलली आणि त्यात दोष कुणाचा, याचा विचार करण्याची तसदी समाज घेत नाही.

या छंदाचा आरंभ १९८२ सालचा मानला जातो. एकवीस वर्षांच्या एका अमेरिकी तरुणाने दोन व्हिडिओ रेकॉर्डर एकमेकांना जोडले, ‘स्टार ब्लेझर्स’ या जपानी अंतराळयुद्ध मालिकेतील हिंसक दृश्ये वेचली आणि त्यांना बीटल्सच्या प्रेमगीताची जोड दिली. तेव्हाची ती गंमत आज जगभरच्या तरुणांची कला झाली आहे. तीन-चार मिनिटांच्या अशा तुकड्यासाठी मूळ चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, गाण्याची मात्रा न् मात्रा ओळखावी लागते. ज्याचे चित्रावर प्रेम नाही, तो एवढे कष्ट घेत नाही.

चित्रकथीचा वारसा

चित्राला गाणे जोडण्याची ही रीत आपल्याला नवी आहे काय? सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारताच्या चित्रांच्या पोथ्या मांडून, एकेक चित्र पुढे करत कथा गात आले आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. नारदीय कीर्तनकारही आख्यान लावताना मोरोपंतांची आर्या, तुकोबांचा अभंग आणि एखादे नाट्यपद एका सूत्रात ओवतो. दुसऱ्याने रचलेले वेचावे आणि त्यातून आपला भाव उभा करावा, ही आपलीच परंपरा आहे. संगणकासमोर बसलेला मुलगा नकळत चित्रकथीचेच काम करत असतो. फरक इतकाच, की त्याच्यापुढची पोथी जपानची आहे.

ती जपानची का, याचे उत्तर कडू आहे. जपानने आपल्या मुलांना परकी चित्रे पाहू नका असे बजावले नाही. त्याने स्वतःची चित्रे काढली. २००३ साली ऑस्कर मिळवणारा ‘स्पिरिटेड अवे’ पाहावा. त्यातील देवता, स्नानगृह, चालीरीती, सारे अस्सल जपानी आहे. स्वत्व न सोडता जग जिंकता येते, याचा हा धडधडीत पुरावा आहे. आपण मात्र तक्रार करण्यातच धन्यता मानली.

एका रामायणाची वनवासकथा

‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा’ या चित्रपटाची कथा तर प्रत्येक हिंदू कुटुंबाला ठाऊक असायला हवी. १९८३ साली युगो साको हे जपानी चित्रपटकार पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले आणि रामकथेने भारावून गेले. त्यांच्या संकल्पाविषयी एका वृत्तपत्रात चुकीचे वृत्त आले आणि विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे निषेध नोंदवला. साकोंचा भाव कळल्यावर तो गैरसमज दूर झाला. आपल्या श्रद्धेविषयी दक्ष असणे गैर नव्हे. पण गैरसमज उमगताच तो सोडून देणे हेही दक्षतेचेच अंग आहे. तत्कालीन केंद्र सरकारला मात्र तेवढेही साधले नाही. विषय संवेदनशील असल्याचे कारण देऊन त्याने सहकार्य नाकारले. ज्या देशाच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीत राम-सीता-लक्ष्मणाचे चित्र आहे, त्या देशाच्या सरकारला रामाचे चलच्चित्र अडचणीचे वाटावे, यापरते दुर्दैव कोणते?

अखेर चित्रपटाची निर्मिती जपानमध्ये झाली. साडेचारशेहून अधिक कलावंत राबले, सुमारे एक लाख चित्रे हातांनी रेखाटली गेली. राम मोहन सहदिग्दर्शक होते, संगीत वनराज भाटिया यांचे होते आणि संस्कृत गीते वसंत देवांची. १९९३च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो झळकला. पण देशभरच्या चित्रगृहांपर्यंत त्याची वाट तेव्हा झालीच नाही. पुढे दूरचित्रवाणीच्या बालवाहिनीने तो दाखवला आणि एका पिढीने तो मनात जपला. हीच पिढी आज त्यातील सेतुबंधनाचे, हनुमंताच्या उड्डाणाचे, रावणवधाचे प्रसंग स्तोत्रांवर आणि भजनांवर बसवते. २४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट नव्या रूपात चित्रगृहांत आला, तेव्हा जाहीर झालेल्या भाषा होत्या इंग्रजी, हिंदी, तामिळ आणि तेलुगू. गीतरामायणाच्या महाराष्ट्राची भाषा त्यांत नव्हती. याची खंत कुणाला वाटली?

रामाच्या चित्रावर भजन बसवले की त्यात राजकारणाचा वास येणारी एक तथाकथित पुरोगामी मंडळीही आहे. जपानी देवतांच्या चित्रपटात यांना लोकसंस्कृतीचे वैभव दिसते आणि हनुमानाच्या उड्डाणात आक्रमकता! अशा दुटप्पी रसिकतेची पर्वा तरुणांनी करू नये. मात्र मर्यादा त्यांनी स्वतःहून पाळावी. देवतेच्या चित्राला उथळ गाणे जोडून चार टाळ्या मिळवणे ही भक्ती नव्हे आणि कलाही नव्हे. मूळ कलावंताचे नाव देणे हे ऋण मान्य करणे आहे. गाण्यावरही कुणाचा तरी हक्क असतो; २००५ साली अमेरिकेतील विंड-अप या ध्वनिमुद्रण कंपनीने आपल्या कलावंतांची गाणी वापरलेले असे व्हिडिओ हटवायला लावले होते.

मग करावे काय?

सामग्री दूर नाही. फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग १९५६पासून काम करत होता. राम मोहन तेथेच घडले. त्या विभागाचा जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ १९५७ सालचा. कायद्याने साठ वर्षांची मुदत संपल्याने तो आता सर्वांचा आहे. विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ने १९७४ साली मुलांना राष्ट्रीय एकात्मता खेळीमेळीने शिकवली. असे चित्रपट उत्तम प्रतीत शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचवणे सरकारला अवघड नाही. गणेशोत्सव मंडळे रांगोळी आणि निबंधाच्या स्पर्धा घेतात. रीतसर परवानगी घेतलेल्या किंवा मुक्त चित्रांवर स्तोत्रे-अभंग बसवण्याची स्पर्धा एखाद्या मंडळाने घेऊन पाहावी. २०२५ साली ‘महावतार नरसिंह’ला झालेल्या गर्दीने दाखवून दिले, की प्रेक्षक वाटच पाहत होता.

मुलांच्या हातातली कात्री काढून घेणे सोपे आहे. त्या कात्रीला आपली चित्रे पुरवणे हे खरे संस्कारांचे काम आहे आणि ते कष्टाचे आहे. अयोध्येच्या राजपुत्रासाठी एका जपानी माणसाने आयुष्यातील सुमारे दहा वर्षे वेचली. रामाचे वंशज म्हणवणाऱ्यांनी निदान लाजेखातर तरी कामाला लागावे!