आई, हे खरं आहे का?

मागच्या गुरुवारची गोष्ट. दिवेलागणीला देवापुढे बसून मी श्रीगजाननविजय पोथीचा पाचवा अध्याय वाचला. शेजारी आमची दहा वर्षांची लेक मांडी घालून ऐकत होती. पोथी कपाळाला लावून मी वस्त्रात गुंडाळते न गुंडाळते तोच तिने विचारलं, "आई, महाराजांनी अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी आणलं, हे खरं आहे का?"

मी पटकन बोलून गेले, "देवाच्या बाबतीत असं विचारू नये!"

तिचा चेहरा एवढासा झाला आणि मी मनातून ओशाळले. कारण चारच दिवसांपूर्वी मी वर्गात मुलांना बजावलं होतं, "पटलं नाही तर विचारा."

त्याचं असं झालं. मी इथे मेहकरला एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या दिवशी मुलांना घेऊन आम्ही लोणारला गेलो होतो. लेकही बरोबर होती. काठावर उभं राहून मी आधी आजीची गोष्ट सांगितली. लवणासुर जमिनीखालच्या विवरात दडून बसे. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. सरोवरातलं खारं पाणी म्हणजे त्याचं रक्त. मग पुस्तकातलं सांगितलं. पाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वी उल्का काळ्या पाषाणावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा पडला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा आमच्या गल्लीत कितीजणींना लवणासुर आठवला होता! तपासणीत निघाले ते खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. मुलं टाळ्या पिटून ओरडली, "म्हणजे राक्षस नव्हताच!"

राक्षस नव्हता, तर मग विहिरीचं काय? पोरीचं काही चुकलं होतं का, सांगा बरं!

रात्री भांडी आवरताना मला माझं लहानपण आठवलं. आमच्या गावात पिंपळावर मुंजा होता, पांदीत चकवा होता आणि मळ्यातल्या विहिरीत साती आसरा. "तिकडं जाऊ नको वो माय, आसरा ओढून नेतीन," असं आजी म्हणायची. विहिरीला कठडा नव्हता. त्या भीतीने आम्ही पोरं काठाकडे फिरकत नसू, एवढा गुण तिला द्यायलाच हवा.

पण त्याच भीतीने माझ्या धाकट्या मावशीची चार वर्षं खाल्ली. सोळा वर्षांची होती ती. त्या विहिरीवर पाणी शेंदताना खाली कोसळली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. झालं, आसरांनी धरलं! मग अंगारे-धुपारे, अमावास्येच्या फेऱ्या, कोंबडं, नारळ. एका मांत्रिकाने ‘उतरवण्यासाठी’ छडीने मारलं. तिच्या पाठीवरचे वळ मी या डोळ्यांनी पाहिलेत. शाळा सुटली, ठरत आलेलं लग्न मोडलं. शेवटी मामाने कुणाचं न ऐकता तिला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. आजार साधा ओळखीचा निघाला, फेफरं. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत झटके थांबले.

अजूनही कुठे कुठे हे चालतं, म्हणून सांगते. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावं.

गंमत म्हणजे हीच मावशी दर वर्षी प्रकटदिनाला शेगावला जाते. एवढं भोगल्यावर तुझा देवावर विश्वास कसा राहिला, असं मी तिला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलंच. ती म्हणाली, "अगं, त्या चार वर्षांत सख्ख्या नात्यातलं कुणी माझ्या हातचं पाणी घेत नव्हतं. शेगावला प्रसादाच्या पंगतीत बसले, तर शेजारच्या बाईने माझ्याच हातून पाण्याचा तांब्या घेतला. मला काय झालंय, कुणी विचारलं नाही. तेव्हापासून जाते."

मग मला उत्तर सापडलं. संध्याकाळी लेकीला जवळ बसवलं आणि म्हटलं, "काल मी तुला उगीच दटावलं. विहिरीला पाणी आलं तेव्हा मी तिथे नव्हते. खरं की खोटं, मला सांगता येत नाही. पण त्या गोष्टीत आधी काय होतं, आठवतं का?"

"महाराजांना तहान लागते. ते भास्कर पाटलांकडे पाणी मागतात आणि तो देत नाही. उलट बोलतो."

"आणि शेवटी?"

"शेवटी तो त्यांच्या पाया पडतो."

"तर तेवढं मी धरून ठेवलंय. तहानलेल्याला पाणी द्यावं, हाकलू नये. बाकी तुला पटेल तसं तू ठरव. मोठी होशील तसं तुझं मत बदलेलही. पण आसरा, मुंजा यांच्या भीतीने कुणाला छळायचं नाही आणि औषध चुकवायचं नाही. त्यात मात्र तुझी-माझी मतं वेगळी चालायची नाहीत!"

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "आई, मग आपण दारात पाण्याचा माठ ठेवू या का? ऊन किती झालंय!"

आता आमच्या ओट्यावर तिवईवर माठ आहे. रोज सकाळी लेक तो घासते, पाणी गाळून भरते, वर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवते. यांनी तर हसून विचारलं, "माठ कुणाचा? देवाचा की विज्ञानाचा?" मी म्हटलं, "टपालवाल्याला विचारा. त्याची तहान भागली म्हणजे झालं!"

तुमच्या घरी मुलं असे प्रश्न विचारतात, तेव्हा तुम्ही काय सांगता? जरूर कळवा.