डॅशबोर्ड एजंट बनवेल, पण ‘विक्री’ म्हणजे काय ते तुम्हीच लिहा

एआय एजंटला सांगितलं की विक्रीचा डॅशबोर्ड काही मिनिटांत तयार होतो. फोल्डर, कोड, चार्ट, सगळं. पण माझं मत असं, की मालकाचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

विक्रीचा आकडा जीएसटी धरून की वगळून? माल परत आला तर क्रेडिट नोट वजा होते का? वर्ष जानेवारीपासून की एप्रिलपासून? हे तुमच्या डोक्यात असतं. एजंटला सांगितलं नाही, तर तो बहुतेक वेळा अंदाज लावून मोकळा होतो. १८ टक्के जीएसटीच्या मालाचं बिल ११८ रुपये असेल, तर तुमची विक्री १०० रुपयेच. डॅशबोर्ड ११८ दाखवत असेल, तर नफ्याचं गणितच फसलं ना!

म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवा. कोड लिहिणारे बरेच एजंट कामाआधी ती वाचतात. हे नियम तिच्यात लिहा, मराठीत लिहिलेत तरी चालतं. ती फाइल एजंटकडूनच लिहून घेतलीत, तर ओळ न् ओळ स्वतः तपासा. नाहीतर आजचा चुकीचा अंदाज उद्या नियम होऊन बसेल.