आयुक्त कोणाचा?

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा आयुक्त हा खेळाच्या हिताचा विश्वस्त मानला जातो. परंतु त्याला निवडतात संघांचे मालक आणि दूरही करतात मालकच. अशा पदाधिकाऱ्याची योग्यता प्रेक्षकांच्या गर्दीवरून ठरविणे म्हणजे गिरणीच्या नफ्यावरून कामगारांचे सुख मोजणे होय.

बोवी कून यांची १९६९ ते १९८४ ही कारकीर्द पाहावी. या काळात खेळाची भरभराट झाली, हे खरे. परंतु सेंट लुई संघाने आपल्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाच्या हवाली केले, तेव्हा आयुक्तांची परीक्षा झाली. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे फ्लड यांनी डिसेंबर १९६९ मध्ये कून यांना लिहिले. कून यांनी खेळाडूला संघाशी जखडणाऱ्या कलमाचीच पाठराखण केली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयातही फ्लड हरले. ती बेडी अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने तोडली. हे यश मार्विन मिलर यांनी बांधलेल्या खेळाडूंच्या संघटनेचे होते, आयुक्तांचे नव्हे.

तरीही बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात कून यांना २००८ साली स्थान मिळाले. मिलर यांना त्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले.

मालकांचे हित आणि खेळाडूंचा हक्क समोरासमोर ठाकतात तेव्हा आयुक्त कोठे उभा राहतो, हीच त्याची खरी कसोटी. त्याच्या निवडीत जोवर खेळाडूंना मत नाही, तोवर मालकांच्या मुनिमाकडून न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.