धोटा आणि विहीर

मानवशास्त्र म्हणजे दूरच्या बेटांवरील वन्य लोकांच्या चालीरीतींची नोंद, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तो पटत नाहीं. सन १९१६ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या अभ्यासवर्गापुढें, तरुण भीमराव आंबेडकरांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढें १९३७ सालीं आपल्या वळसंगांत अस्पृश्य मानलेल्या बांधवांच्या विहिरीचें उद्घाटन त्यांच्याच हस्तें झालें.

अर्थशास्त्र सांगतें कीं, भांडवलदार मजुराची जात पाहत नाहीं. त्यास स्वस्त व कुशल हात हवे असतात. मग मुंबईच्या गिरण्यांत, जेथें मजुरी अधिक त्या साचेखात्यांत, म्हणजे विणकामांत, अस्पृश्य मजुरांस प्रवेश कां नसे? नवी कांडी भरतांना सुताचें टोक धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे. तो उष्टा धोटा इतर विणकरांस चालत नसे. यंत्र विलायतेचें, विटाळ मात्र घरचाच! हें कोडें नफ्यातोट्याच्या हिशेबानें सुटत नाहीं. सोंवळ्याओंवळ्याचा अभ्यास करणारासच तें उकलतें. १९२८ च्या गिरणीसंपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हाच प्रश्न पुढें मांडला.

सरकारचेंही तेंच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कौन्सिलानें १९२३ सालीं केला. तरी चौदा वर्षांनीं वळसंगांत निराळी विहीर लागलीच. गांवची सत्ता कोणाच्या हातीं असते, हें त्या कागदास कोठून ठाऊक असणार?

येत्या सुटींत विद्यार्थ्यांनीं जवळचा यंत्रमाग वा विडीचा कारखाना पाहावा. कोणतें काम कोणाकडे आहे, आणि पिण्याच्या पाण्याचा माठ एक आहे कीं दोन, एवढें टिपून आणावें.