मारहाणीचा पुरावा मागणारी शाळा

किशोरवयीन मुलांवरच्या मालिकांमध्ये शाळा खोटी असते, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. नायकाला एकटं पाडायचं असतं, म्हणून लेखक शिक्षकांना आंधळं करतात आणि मुख्याध्यापकांना बावळट. खऱ्या शाळेत मोठी माणसं इतकी निकामी नसतात, असं हा पूर्वपक्ष सांगतो. ‘ग्ली’ या अमेरिकी मालिकेला तर तो फारच सहज चिकटतो. फॉक्स वाहिनीवर २००९ ते २०१५ या काळात चाललेली ही मालिका गाण्यांनी भरलेली आणि अर्धीअधिक विनोदी. ओहायो राज्यातल्या लायमा गावच्या मॅकिन्ले हायस्कूलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर बर्फाच्या रंगीत सरबताचा पेला रिकामा होत असतो. पहिल्याच भागात फुटबॉलच्या संघातली मुलं कर्ट हमेलला कचऱ्याच्या पेटीत टाकण्याच्या तयारीत उभी असतात. स्पॅनिश शिकवणारे विल शूस्टर तिथून जातात, कर्टला नवे मित्र मिळाले असं समजतात आणि हसून पुढे निघतात. प्रेक्षकही हसतो.

पण याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, नोव्हेंबर २०१० मध्ये, हसू थांबतं. शाळेत उघडपणे समलिंगी असलेला कर्ट हा एकटाच मुलगा. डेव्ह करॉफ्स्की नावाचा धिप्पाड खेळाडू येता-जाता त्याला लॉकरवर ढकलतो. कर्टला ब्लेन नावाचा मुलगा भेटतो. तो स्वतः असाच छळ सोसून दुसऱ्या शाळेत गेलेला असतो. आपण पळून आलो याची त्याला खंत आहे, म्हणून तो कर्टला सांगतो की पळू नकोस, समोर उभा राहा. कर्ट उभा राहतो. कपडे बदलण्याच्या खोलीत तो करॉफ्स्कीला जाब विचारतो, आणि आपलं समलैंगिकत्व स्वतःपासूनही लपवणारा करॉफ्स्की त्याचं बळजबरीने चुंबन घेतो. पुढे हे कुणाला सांगितलंस तर जिवे मारीन अशी धमकी येते.

‘मुलांनी धीट व्हावं, म्हणजे दादागिरी आपोआप थांबते’ या लाडक्या उपदेशाचं याहून चोख खंडन क्वचितच पाहायला मिळेल. मुलगा धीट झाला आणि त्याचा धोका वाढला. धैर्य कर्टमध्ये आधीपासूनच होतं. कमी होतं ते मोठ्या माणसांचं लक्ष.

मग प्रकरण कार्यालयात जातं. त्या काळात मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर सू सिल्व्हेस्टर आहेत. त्या कर्टला सर्रास एका मुलीला शोभेलशा नावाने हाक मारतात, आणि हाही छळच आहे हे कर्टलाच त्यांना सांगावं लागतं. सू बाई प्रथम म्हणतात की करॉफ्स्कीने प्रत्यक्ष इजा केल्याशिवाय आपले हात बांधलेले आहेत. धमकीचं कळल्यावर मात्र त्या दोन्ही वडिलांना बोलावतात आणि करॉफ्स्कीच्या हातावर दाखला ठेवतात. शाळा मंडळ तो निर्णय फिरवतं, कारण मारहाण कुणी पाहिलेली नाही. मुलगा तोंडी समज घेऊन परत येतो. सू बाई निषेध म्हणून पद सोडतात. कर्टचे वडील बर्ट नुकतेच पुन्हा लग्न केलेले. ते आणि त्यांची नवी पत्नी कॅरोल मधुचंद्रासाठी साठवलेले पैसे डाल्टन अकॅडमी या खासगी शाळेच्या फीमध्ये घालतात. छळ करणारा शाळेत राहतो, छळ सोसणारा शाळा सोडतो.

हे अतिरंजित आहे का? विस्कॉन्सिन राज्यातल्या अ‍ॅशलंड गावचा खटला पाहा. तिथे जेमी नाबोझ्नी या समलिंगी मुलाला सहाध्यायांनी वर्षानुवर्षं छळलं. एकदा इतक्या लाथा घातल्या की पोटात रक्तस्राव झाला. त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी वारंवार तक्रारी केल्या. मुलं ही अशीच असायची आणि तू असा उघड वागलास तर हे होणारच, या अर्थाचं उत्तर मुख्याध्यापिकेने दिल्याचं त्याने न्यायालयात सांगितलं. १९९६ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्याचा दावा चालवण्याजोगा ठरवला, ज्यूरीने शाळेच्या अधिकाऱ्यांना दोषी धरलं आणि नऊ लाख डॉलरहून अधिक रकमेवर तडजोड झाली. अ‍ॅशलंडपुढे मॅकिन्ले सौम्यच म्हणावी लागेल.

मालिकेच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे, आणि तो तारखेसह आहे. २६ ऑक्टोबर २०१० रोजी, म्हणजे करॉफ्स्कीचं प्रकरण पडद्यावर येण्याच्या दोनच आठवडे आधी, अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने देशभरातल्या शाळांना एक पत्र पाठवलं. छळाला कायद्याच्या कक्षेत आणण्यासाठी इजा करण्याचा हेतू सिद्ध व्हावाच लागतो असं नाही, शब्दांनी आणि नावं ठेवूनही छळ होतो, आणि शाळेला ठाऊक असो वा ठाऊक असायला हवं होतं एवढंच असो, तिने पावलं उचललीच पाहिजेत, असं त्यात होतं. शिवाय त्या पावलांचा भुर्दंड छळ सोसणाऱ्यावर पडता कामा नये. त्याला साधं वेळापत्रकही बदलायला लावू नये. कर्टने तर अख्खी शाळा बदलली. हे पत्र समोर ठेवून ते भाग पाहिले, तर शाळा मंडळाचा निर्णय हा खऱ्या शाळांना नुकतीच ज्याबद्दल ताकीद मिळाली होती तोच गुन्हा आहे, हे दिसतं.

मंडळाच्या बाजूने मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. ऐकीव गोष्टीवर एखाद्या मुलाचं शिक्षण तोडणं न्यायाचं नाही. करॉफ्स्कीही सोळा-सतरा वर्षांचाच. चूक वेगळीच आहे: दाखला देणं किंवा काहीच न करणं, एवढे दोनच रस्ते शाळेला आहेत असं मंडळाने गृहीत धरलं. शाळा म्हणजे फौजदारी कोर्ट नव्हे. आरोप सिद्ध होईपर्यंत लॉकरच्या रांगेत एक शिक्षक उभा करायला, दोन मुलांच्या वाटा वेगळ्या करायला, दोघांशी वेगवेगळं बोलायला कुठल्याही साक्षीदाराची गरज नसते.

इथे दुसरा पूर्वपक्ष पुढे येतो, आणि तो मालिकेनेच मांडलेला आहे. डाल्टनमध्ये छळाबद्दल शून्य सहनशीलतेचं धोरण आहे. तिथे सगळे गणवेशातले मुलगे एकसुरात गातात आणि कुणी कुणाला ढकलत नाही. शाळांनी हेच करावं, एक चूक आणि थेट बाहेर, असं वाटणारे पालक आणि शिक्षक पुष्कळ आहेत. अमेरिकेत शून्य सहनशीलतेचा प्रयोग १९९४ च्या बंदुकविरोधी शालेय कायद्यानंतर फोफावला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये त्याची झडती घेतली, तेव्हा त्यामुळे शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा सापडला नाही. आणि डाल्टन शांत आहे ती फीमुळेही. ज्यांना ती परवडते त्यांनाच ती शांतता मिळते. बर्टने मधुचंद्र सोडला म्हणून कर्टला मिळाली. ‘ग्ली’ने हे कडू सत्य जेमतेम दाखवून डाल्टनला जवळजवळ स्वर्ग केलं. तिथे मालिका चुकली.

ती त्याहून मोठी चूक पुढे करते. एप्रिल २०११ च्या भागात सांताना नावाची मुलगी, प्रॉम या शाळेच्या नृत्यसमारंभाची राणी व्हायच्या डावपेचातून, करॉफ्स्कीलाच हाताशी धरते आणि दोघं टोप्या घालून शाळेत गस्त घालू लागतात. त्या भरवशावर कर्ट मॅकिन्लेत परततो. शाळेचं काम शाळेने मुलांवर, त्यातही कालच्या गुंडावर सोपवलं आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

त्या गस्तीची किंमत पुढच्याच महिन्यात कळते. प्रॉमच्या रात्री गुप्त मतदानाचा निकाल जाहीर होतो आणि राणी म्हणून नाव येतं कर्टचं. यात ढकलणारा कुणी नाही, धमकावणारा कुणी नाही. शेकडो मुलांनी निनावी चिठ्ठीवर एकच थट्टा लिहिली आहे. हा प्रसंग म्हणजे या मालिकेने बुलिंगबद्दल सांगितलेली सर्वांत खरी गोष्ट. छळ एका करॉफ्स्कीचा नसतो, आणि करॉफ्स्कीवर लक्ष ठेवून तो संपत नाही. सू बाईंनंतरचे मुख्याध्यापक फिगिन्स यांच्या हातात निकाल आधीच होता. तो बाजूला ठेवण्याचा पूर्ण अधिकार त्यांना होता. त्यांनी तो माइकवर वाचला.

फेब्रुवारी २०१२ मध्ये हीच गोष्ट उलटी होते. अफवांच्या भीतीने दुसऱ्या शाळेत गेलेल्या करॉफ्स्कीचं गुपित फुटतं, तिथले सहखेळाडू त्याच्या मागे लागतात आणि तो जीव द्यायचा प्रयत्न करतो. वडिलांच्या नजरेला वेळीच पडल्यामुळे वाचतो. त्याला २०१० मध्येच हाकलून दिलं असतं, तर प्रश्न सुटला असता का? मुलगा तोच, भीती तीच, फक्त शाळेचं नाव वेगळं.

मग करायचं काय, याचं उत्तर नॉर्वे आणि फिनलंडमध्ये बऱ्यापैकी तपासून झालं आहे. छळाला कंटाळून मुलांनी आत्महत्या केल्यावर नॉर्वेत १९८३ मध्ये डॅन ओल्वेउस यांनी एक-दोन मुलांऐवजी सबंध शाळेला हात घालणारा कार्यक्रम सुरू केला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी ‘कीवा’ उभा केला. २००९ पासून तो देशभरातल्या शाळांमध्ये गेला. त्याचा सगळा भर बघ्यांवर आहे, कारण छळणारा मुलगा मुख्यतः त्यांच्यासमोर मान मिळवायला छळत असतो. कॅनडातल्या शाळांच्या आवारात केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला.

मुलं मध्ये का पडत नाहीत, हेही ‘ग्ली’ने नेमकं टिपलं आहे. कर्टचा होऊ घातलेला सावत्र भाऊ फिन संघाचा क्वार्टरबॅक असतो. ती जागा जाईल या भीतीने तो सुरुवातीला हात आखडता घेतो. सॅम, माइक आणि चाकाच्या खुर्चीतला आर्टी मात्र करॉफ्स्कीला गाठतात, मारामारी होते, सॅमचा डोळा सुजतो आणि पुढे काहीच बदलत नाही. ‘कीवा’ राबवणाऱ्या शाळेत छळाचं प्रकरण आलं की शिक्षकांचा ठरलेला गट आधी दोन्ही मुलांशी स्वतंत्र बोलतो, वर्गातल्या दोन-चार भल्या मुलांना बोलावून छळ सोसणाऱ्याला साथ द्यायला सांगतो आणि काही दिवसांनी पुन्हा सगळ्यांना भेटून काय झालं ते विचारतो. मॅकिन्लेत अशी मुलं आयतीच होती, न सांगता पुढेही आली होती. त्यांना खोलीत बसवून काम वाटून देणारा आणि पुढच्या आठवड्यात परत विचारणारा एकही शिक्षक त्या शाळेने नेमलेला नव्हता.