पाकिटावरचा वाटा आणि वाटीतले फरसाण

दुकानदाराच्या काट्याकडे संशयाने पाहणे हा आपल्या गृहिणींचा जुना स्वभाव आहे आणि तो अनाठायी नव्हता. 1958 पासून शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, 1976 मध्ये वजनमापांचा कायदा झाला, 1977 मध्ये आवेष्टित वस्तूंचे नियम आले. पुढे 2009 चा वैध मापनाचा कायदा आला. या साऱ्याच्या मुळाशी चिंता एकच होती : ग्राहकाच्या पदरात माल कमी पडू नये. आता काही घरांतून ओट्यावर जो चपटा इलेक्ट्रॉनिक काटा दिसू लागला आहे, त्यामागची चिंता नेमकी उलटी आहे. मधुमेहाचे निदान झालेला गृहस्थ त्यावर फरसाणाची वाटी ठेवतो, ती जास्त तर भरली नाही ना, हे पाहण्यासाठी. घरची मंडळी हसतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेहींचा अंदाज 10 कोटींवर नेऊन ठेवला, हे ध्यानात घेतले तर हसण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

पाकिटाच्या पाठीवर बारीक टायपात एक तक्ता असतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार त्यात 100 ग्रॅममागे किती ऊर्जा, चरबी, साखर ते सांगावे लागते. शिवाय एका वेळच्या वाट्यातून, म्हणजे 'सर्व्हिंग'मधून, दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग भागतो तेही. दिवसाची गरज धरली आहे 2000 किलोकॅलरी. इथवर सारे ठीक. पण हा वाटा ठरवायचा कोणी? सामान्यतः एका वेळी खाल्ले जाते तेवढे, किंवा लेबलावर म्हटले असेल तेवढे, असा नियमाचा आशय आहे. या 'किंवा'मधून हत्ती निघून जाईल!

समजा, फरसाणाचे 200 ग्रॅमचे पाकीट आहे, 100 ग्रॅममागे 540 किलोकॅलरी आहेत आणि वाटा छापला आहे 30 ग्रॅमचा. म्हणजे 162 किलोकॅलरी, दिवसाच्या गरजेच्या 8 टक्के. वाचणारा निर्धास्त होतो. आता पाहुण्यांपुढे ठेवतो तशी वाटी भरून ती काट्यावर ठेवावी. काटा 55 ग्रॅम दाखवू लागला तर हिशेब 297 वर जातो, जवळजवळ 15 टक्क्यांवर. येथे कोणी खोटे बोललेले नाही, पाकिटातला मालही पुरेपूर आहे. तरीही खाणारा फसला आहे. वाटीच्या मापावरही विसंबता येत नाही, कारण पातळ पोह्यांचा चिवडा आणि जाड शेव यांनी भरलेली तीच वाटी वजनाला निरनिराळी भरते.

या काटेकोरपणावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. 200 ग्रॅमच्या पाकिटाला कायद्यानेच साडेचार टक्क्यांची, म्हणजे 9 ग्रॅमची चूक माफ आहे; आमच्या उदाहरणात ती सुमारे 50 किलोकॅलरी होते. खुद्द कॅलरींचा आकडाही बहुधा सरासरीवर बेतलेला असतो : प्रथिने व कर्बोदके यांना ग्रॅममागे 4 आणि चरबीला 9, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून आलेले गुणक आजही चालतात. अमेरिकेत तर छापील आकड्यापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत अधिक कॅलरी निघाल्या तरी लेबल सदोष ठरत नाही. तेव्हा वहीत '162' लिहिणाऱ्याने त्यातला '2' फार मनावर घेऊ नये. परंतु 30 च्या जागी 55 ग्रॅम पोटात जातात, तेव्हा चूक 80 टक्क्यांच्या वर असते. ती फक्त काट्याला दिसते.

अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने वाटा म्हणजे लोक प्रत्यक्षात खातात ते प्रमाण, असे बंधन घातले आणि पदार्थवार कोष्टके तयार झाली. 2016 मध्ये ती सुधारताना आइस्क्रीमचा वाटा अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कपावर गेला, थंड पेयाचा 8 औंसांवरून 12 वर. लोक अधिक खाऊ लागले म्हणून कोष्टक वाढले. त्यात उपदेश नव्हता, कबुली होती. एक ते दोन वाट्यांइतके पाकीट हा एकच वाटा मानावा, असेही ठरले.

आपल्याकडे शेव, चकली, चिवडा, बिस्किटे यांची अशी कोष्टके नाहीत. आकडा छापला आहे की नाही, हे अधिकारी तपासू शकतात; छापलेला वाटा माणसाच्या खाण्याशी जुळतो काय, हे तपासायला त्यांच्या हाती मोजपट्टीच नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करते आहे. घरोघरच्या वाट्या तोलून आकडे प्राधिकरणापुढे ठेवण्याचे काम अशा संस्थांना सहज जमेल. कोष्टके व्हायला वर्षे लागतील, हे आम्ही जाणतो. तोपर्यंत छोट्या पाकिटांवर तरी संपूर्ण पाकिटाच्या कॅलरी दर्शनी बाजूस द्याव्यात. वरच्या उदाहरणातल्या पाकिटावर '1080' एवढे चार अंक ठळक छापायला शाई ती किती लागणार?