दाराआडचं पोर

मैत्रिणींनो, पोलीस-गुंडांचा सिनेमा लागला की आपण उठून स्वयंपाकघरात जातो. पण गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) बसून बघा, असं मी म्हणेन. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची. ओम पुरींचा फौजदार वेलणकर रामा शेट्टीपुढे हतबल होतो आणि राग कोठडीतल्या आरोपीवर काढतो. मारहाणीत तो मरतो. एवढा राग आला कुठून? लहानपणी पोलिसातला बाप आईला मारायचा, हा मुकाट बघायचा. स्मिता पाटीलची ज्योत्स्ना त्याच्यातली ही हिंसा बघून दुरावते. घरातली मारहाण घरात राहत नाही, बायांनो. ‘नवराच आहे, चालायचंच’ म्हणताना दाराआडून बघणारं पोर आपल्याला दिसतं का?